कोदबेकची भरती

कल्याणच्या कोळीवाड्यातल्या ठमाबाईला फ्रान्समधलं एक गाव तोंडपाठ होतं. ठाण्यापलीकडे ती फारशी कधी गेली नव्हती. मुंबई तिनं एकदाच पाहिली होती, तीही मुलाला बोटीवर चढवायला गेली तेव्हा. पण सेन नदीच्या काठचं कोदबेक कसं आहे ते तिला विचारावं. नदीच्या कोणत्या अंगाला देऊळ, तर उजव्या. देवळाचा कळस कसा, तर एकावर एक तीन मुकुट ठेवल्यासारखा. बाजार कधी भरतो, तर शनिवारी, आणि शेकडो वर्षांत वार बदललेला नाही. मासळी कोणती, तर वाम आणि बोटाएवढी चंदेरी मासळी. त्या मासळीचं नाव मात्र तिला कधी म्हणता आलं नाही.

हे सगळं तिला विश्रामनं सांगितलं होतं. विश्राम ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्याचा, तिच्या चुलत बहिणीचा मुलगा. मालवाहू बोटीवर तो खलाशी होता, आणि त्याच्याच शब्दावर तिचा एकुलता एक नामाही त्या बोटीवर लागला होता. एकोणपन्नास सालच्या भाद्रपदात बोट नदीतून वर रूआँच्या बंदराकडे चालली होती. उधाणाच्या पाण्यावर वर सरकायचं म्हणून ती कोदबेकसमोर नांगर टाकून थांबली. सारंगानं, म्हणजे खलाशांच्या मुकादमानं, भाजीपाला आणायला नामाला बरोबर घेतलं आणि दोघं लहान होडीतून गावात उतरले. सारंग मागच्या गल्लीतल्या दुकानात गेला. नामाला म्हणाला, तू होडीपाशी थांब. सारंग परत आला तेव्हा होडी काठाच्या दगडी खाचेत बांधलेली होती तशी होती, काठावर माणसांची दाटी होती, आणि नामा नव्हता. कोणाची भाषा कोणाला कळेना. वर बोटीचा भोंगा वाजायला लागला. पाण्याची वेळ टळून चालणार नव्हती, म्हणून सारंग एकटाच परतला आणि बोट निघाली. कप्तानानं दप्तरात लिहिलं की खलाशी पळाला.

खलाशी पळतात हे खोटं नव्हतं. बंदराबंदरात कोणी ना कोणी उतरून राहायचा. कोळीवाड्यात ही बातमी आली तेव्हा बायकांनी पदरात तोंडं घालून हसायला कमी केलं नाही.

"ठमे, गोरी सून केली गो तुझ्या पोरान. आता बोंबलाचं कालवण पावाला लावून खा."

"खाईन," ठमाबाई म्हणाली. "तू नको येऊस वाटी घेऊन."

टोमणा तिला झोंबला नाही. खरं तर तिला तो हवासा वाटला. गोरी सून म्हणजे पोरगा जिवंत. रागानं, लाजेनं, कसाही असो, कुठल्याशा घरात रात्री पाठ टेकतो आहे. आईला तेवढं पुरतं.

पुरत नव्हतं ते मालनला. मालन नामाची बायको. लग्नाला दीड वर्षही झालं नव्हतं तेव्हा हे झालं. मूल नव्हतं. आता ती ना सवाष्ण धड, ना विधवा. पहाटे सासूबरोबर बंदरावर जायची, पाटी भरायची आणि विठ्ठलवाडीच्या पुढं छावणीत सिंधी निर्वासितांच्या बराकींतून मासळी विकून यायची. त्या बायका नदीची मासळी ओळखून घेत, काट्याला भीत नसत. एकदा त्यांतल्या एकीनं खुणेनं विचारलं, नवरा कुठंय? मालननं हात लांब करून पश्चिम दाखवली. बाईनंही हात लांब केला, तिचंही बोट पश्चिमेकडंच, सिंधकडं गेलं, आणि दोघी भावावर आल्या.

मालनचा बाप गोविंदा मुंब्र्याकडून वर्षातून दोन-तीनदा यायचा. यायचा तेव्हा चटईच्या टोकावर बसायचा, पूर्ण टेकायचा नाही.

"ठमाबाय, पोरीचं काय करायचं?"

"काय करायचं म्हंजे? घर हाय तिचं."

"घर हाय, पन घरवाला नाय."

कोळ्यांत बाईचा पाट लावता येतो, दुसरा संसार मांडून देता येतो, यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पण नवरा मेला हे आधी ठरायला हवं. आणि नवरा पाण्यावर गेलेला, प्रेत नाही, असं असलं तर वाड्याचे पंच बसतात, मेलेल्याच्या आईला विचारतात, आणि आई हो म्हणाली तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. मग बायको मोकळी होते. आई नाही म्हणाली तर कोणाचा इलाज नाही. माजिवड्याचा परशुराम, दोन वर्षांपूर्वी बायको गेलेला, पदरी लहान मुलगी, स्वतःची होडी असलेला सरळ माणूस, गोविंदाकडे निरोप पाठवून थांबला होता. सगळं येऊन अडलं होतं ते ठमाबाईच्या एका शब्दापाशी.

तो शब्द ती देईना. तिचं म्हणणं तिच्या मते पक्कं होतं. "खाडी मानूस ठेवून घेत नाय," ती गोविंदाला सांगायची. "माझा सासरा बुडाला, दुसऱ्या भरतीला दुर्गाडीखाली लागला. आवडाबायचा भाऊ गेला, तो गांधारीच्या वळनावर. विश्राम सांगतो त्या नदीला भरती-ओहोटी हाय आपल्यासारखी. नामा बुडाला असता तर तिनं दिला असता परत. दिला नाय, म्हंजे बुडाला नाय."

गोविंदाही कोळीच. खाडीचं हे त्यालाही माहीत होतं. तो चटईच्या टोकावरून उठायचा आणि निघून जायचा. आत मालन भांडी घासत असायची ती आवाज न करता घासायची.

म्हणून विश्राम प्रत्येक सफरीहून आला की ठमाबाईच्या घरी जेवायला असायचा. बोट कोदबेकसमोरून जायची, पण थांबायची नाही. गावाची माहिती त्याला मिळायची ती वर रूआँच्या धक्क्यावर काम करणाऱ्या पाँडिचेरीच्या आंतोनीकडून. हा आंतोनी मोडकीतोडकी हिंदुस्थानी बोलायचा आणि त्याची बायको कोदबेकचीच होती. विश्रामनं त्याला नामाबद्दल विचारलं तेव्हा आंतोनी म्हणाला, गावात हिंदी माणूस राहत असता तर माझ्या सासूनं मला कळवलं असतं. हे एवढं वाक्य विश्रामनं ठमाबाईला कधी सांगितलं नाही. बाकी सगळं सांगितलं.

तिचे प्रश्न आईचे असत. पाणी कुठून भरतात? भात मिळतो का? थंडी किती? बायका कजाग आहेत की मायाळू? विश्राम ताटावर बसून सांगायचा.

"गाव लई जुनं, मावशे. एक काळ त्या गावच्या टोप्या जगभर जायच्या. लोकरीच्या. पानी आत शिरायचं नाय. राजे घालायचे."

"मंग आता?"

"टोप्या करनारे लोक येगळ्या पंथाचे होते. राजानं सांगितलं, पंथ सोडा. ते पंथ सोडीनात, त्यांनी गाव सोडलं. हातातली कला घेऊन समुद्रापार गेले. तवापास्नं गाव बसलं ते बसलंच."

ठमाबाई विचार करायची. तिच्या आज्यानं तिला सांगितलं होतं की कल्याणच्या बंदरात एके काळी अरबांची गलबतं लागत. आता रेतीच्या होड्या लागतात. उतरून गेलेलं गाव कसं असतं हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. अशा गावातली माणसं पाव्हण्याला जरा जास्तच धरून ठेवतात, असं तिला वाटे.

"आन लढाईत जळलं ना ते?"

"सगळं. जर्मन आले तवा लोक नदी उतरायला काठावर जमलेले, आन गाव पाठीमागं पेटलेलं. घरं लाकडाची. देऊळ राह्यलं आन देवळाजवळची तीन घरं. आता लोक फळ्यांच्या खोल्यांत ऱ्हातात. आपल्या छावनीसारखं."

"गवंडीकाम असंल म्हंजे पुष्कळ," ठमाबाई म्हणाली. नामाला चुन्याचं काम थोडं येत होतं. ती त्याला त्या गावात कामाला लावून मोकळी झाली.

मालन वाढत असायची. एकदा तिनं वाढता वाढता विचारलं, "भावजी, तितं बाया लग्नात काय घालतात?"

विश्रामनं घास ताटात परत ठेवला. ठमाबाई म्हणाली, "भात वाढ त्याला."

त्या नदीची एक गोष्ट विश्रामनं पुष्कळदा सांगितली होती आणि ठमाबाईला ती पुन्हा पुन्हा ऐकायला आवडायची. तिथं उधाणाची भरती आपल्यासारखी हळू सरकत येत नाही. पाण्याची भिंत येते. खालून समुद्राकडून गर्जत येते, दोन्ही काठांना आपटत. भाद्रपद-आश्विनातल्या मोठ्या उधाणाला ती बघायला लांबून लांबून लोक येतात, काठावर खुर्च्या टाकून बसतात.

"पान्याची जत्रा," ठमाबाई हसून म्हणायची. "आन आपल्याकडं पानी आलं की चपला उचला."

दर नारळी पौर्णिमेला ती मालनला हिरव्या बांगड्या भरायला लावून खाडीवर न्यायची आणि नवऱ्याच्या नावानं नारळ सोडायला लावायची. मालन सोडायची. तीन वर्षं तिनं एक शब्द काढला नाही. चौथ्या वर्षी नारळ हातात घेऊन ती उभीच राहिली.

"सोड ना गो," ठमाबाई म्हणाली.

"आये, तुमीच सोडा. तुमचा हाय तो."

ठमाबाईनं नारळ सोडला. पोरीच्या आवाजात राग असता तर ठमाबाईला बरं वाटलं असतं. राग नव्हता. दमलेलं माणूस पाटी खाली ठेवतं तसं तिनं ते वाक्य ठेवलं होतं.

त्रेपन्न सालच्या दिवाळीनंतर विश्राम आला. आला तो दुपारी, जेवणाच्या वेळेआधी, आणि आल्याबरोबर पाय धुवायचे सोडून दारातच बसून राहिला. ठमाबाई सुकट निवडत होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि सूप बाजूला ठेवलं. मालन छावणीकडे गेलेली होती.

"बोट मोडलेली," विश्राम म्हणाला. "रूआँला महिनाभर पडून होतो. आंतोनी बोलला, चल माझ्या सासुरवाडीला. बसनं गेलो."

"गावात गेलास? आत?"

"गेलो."

पहिल्यांदाच तिला कोदबेकबद्दल एकही प्रश्न सुचला नाही.

विश्राम सांगत गेला. आंतोनीची सासू म्हातारी. फळ्यांच्या खोलीत राहते. तिनं सफरचंदाची दारू पुढं ठेवली, पाव ठेवला. जेवणाआधी तो परसातल्या नळावर हातपाय धुवायला गेला. सदरा वर झाला, आणि त्याच्या कमरेचा काळा करगोटा म्हातारीला दिसला. ती जवळ आली. करगोट्याला बोट लावलं. मग एकदम भराभर बोलायला लागली आणि आंतोनीचा चेहरा उतरला.

"ती बोलली, असा दोरा मी आनिक एकाच्या कमरंला बघितलाय."

विश्राम तसाच पुढं सांगत राहिला.

"त्या दिशी उधान होतं, मावशे. लोक काठावर बसलेले. भिंत यायच्या आधी त्या नदीत पानी पार उतरतं. ओहोटी. गप. वारा पन पडलेला. नामा वर उभा होता, आन त्यानं बघितलं का पानी गेलंय, चिखल उघडा पडलाय. तो खाली उतरला. दगडी उतार हाय तितं, त्याच्यावरनं पार चिखलात. म्हातारी बोलली, वाकून चिखलात काय तरी शोधीत होता."

"निवट्या," ठमाबाई हळूच म्हणाली. "मासळीची बिळं बघत असंल."

"लोक वरनं ओरडले. सगळे उभे ऱ्हावून हात हालवत ओरडले. त्यानं वर बघितलं. त्याला वाटलं असंल पाव्हन्याला हाका मारतात. त्यानं पन हात हालवला. हसला. म्हातारी बोलली, हसलेला मना आजून दिसतो."

खाडीवर जन्मलेल्या कोणीही तेच केलं असतं. ओहोटीला चिखलात उतरायचं, हे त्याला तिनंच शिकवलं होतं, चालायला लागला तेव्हापासून. उतरलेलं पाणी म्हणजे दोन घटका निर्धास्त. त्या गावातलं शेंबडं पोर त्या वेळी खाली उतरलं नसतं. उतरेल तो कोळ्याचाच मुलगा.

"मंग नदीनं दिला?" तिनं विचारलं.

"दिला. दुसऱ्या का तिसऱ्या भरतीला. गावाच्या खाली झाडांच्या मुळांत. नदीपार नेनाऱ्या तरीवाल्यानं काढला. बोट कवाच गेलेली. कोनाचा, कुठचा, काय कळंना; म्हातारीला वाटलं कोनी अरब खलाशी, म्हनून आंतोनीला कळवलं नाय. त्या म्हातारीनं आन आनखी दोघींनी त्याला धुतला. दोऱ्याचं त्यांना कळलं नाय, पन बोलल्या, कोनी तरी बांधलाय, तोडायचा नाय. तसाच ठेवला. देवळामागच्या मातीत पुरला. मी बघून आलो. लाकडी खूण हाय, नाव नाय. मी आंतोनीला नाव सांगितलं, त्यानं लिवलं."

"ऊन पानी होतं का?"

"काय?"

"धुतला तवा. ऊन पानी होतं का?"

विश्रामला हे माहीत नव्हतं. तो "होतं" म्हणाला.

ठमाबाई चार वर्षं जे म्हणत होती ते तसंच निघालं होतं. नदीनं माणूस ठेवून घेतला नव्हता. फक्त दिला तो दुसऱ्यांच्या हातात. तिनं सूप पुन्हा पुढं ओढलं आणि सुकट निवडायला लागली, आणि विश्रामला दिसलं की ती चांगली सुकटही काड्यांबरोबर टाकून देते आहे. त्यानं तिचा हात धरला तेव्हा ती रडली.

मालन दिवस कलता आली. तिनं पाटी उतरवली, विश्रामकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. कोणी सांगायच्या आधीच ती भिंतीला टेकून खाली बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "भूक लागली आसंल तुमाला," आणि चूल पेटवायला उठली. चुलीपाशी ती रडली. चार वर्षं ज्याच्यावर राग धरला होता, तो कुठं पळालाच नव्हता.

पंच बसले. गोविंदा आला, या वेळीही चटईच्या टोकावरच. वाड्याचा पाटील भिवाजी म्हणाला, आता कळलंच आहे, तर पुतळा करून अग्नी देऊ, विधी पुरा होईल. ठमाबाई म्हणाली, "नाय."

सगळे तिच्याकडे पाहायला लागले.

"त्याला माती दिलीय. तीन बायांनी धुतलाय त्याला. परत कशाला जाळायचा? त्यांनी केलं ते काय कमी केलं?"

भिवाजी समजुतीचा माणूस. तो म्हणाला, "वयनी, त्यांनी त्यांच्या रीतीनं केलं. उपकार झाले. पन आपल्या रीतीनं झाल्याबिगर मालन मोकळी होत नाय. आमी लाख बोलू, उद्या माजिवड्यात कोनी तरी काढंल, पुतळा झाला नाय, पयला नवरा सुटला नाय. त्या पोरीच्या माथी कशाला?"

ठमाबाईनं दाराकडे पाहिलं. मालन उंबऱ्याच्या आत उभी होती, पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून. सव्वीस-सत्तावीसची असेल. उन्हानं तिच्या मानेवर पाटीच्या कडेचा काळा पट्टा पडला होता. तो पट्टा ठमाबाईनं रोज पाहिला असेल, पण त्या दिवशी तिला तो दिसला. तिला वाटलं, आपण एक लेकरू राखायला बसलो आणि दुसरं उन्हात उभं केलं.

"करा," ती म्हणाली.

पळसाची पानं टिटवाळ्याकडून आणली. पुतळा बांधायला पुरुष बसतात, बायका लांब असतात. ठमाबाई लांब राहिली नाही, आणि तिला कोणी उठ म्हणालं नाही. भिवाजीनं पानांचे हातपाय बांधले, धड बांधलं, सगळं ओळीनं ठेवलं. ती बघत होती.

"एवडा उंच नवता," ती म्हणाली.

भिवाजीनं पायांची पानं सोडली, आखूड करून पुन्हा बांधली.

"खांदं रुंद होतं त्याचं."

त्यानं खांद्यांना आणखी पानं लावली. कोणी घाई केली नाही. पाणी उतरायला लागलं तेव्हा खाडीकाठी अग्नी दिला. पानं ओली होती, धूर फार झाला, आणि सगळ्यांचे डोळे चुरचुरले, म्हणून कोण रडतं आणि कोण नाही ते कळलं नाही.

मार्गशीर्षात मालनचा पाट लागला. ठमाबाई गेली नाही. पहिल्या सासूनं जायचं नसतं. परशुरामच्या आईला मात्र तिनं आधी गाठून सांगितलं होतं की पोरीला तिखट सोसत नाही, पण ती बोलायची नाही, खाऊन घेईल. तेव्हा बघून वाढा. परशुरामची आई म्हणाली, "तुमी नीट सांबाळली, ते दिसतंय." ठमाबाईला हे ऐकवेना. ती लगेच उठली.

मग घरात तिची एकटीची चूल राहिली. विश्राम येतच होता. पण गावाच्या गोष्टी आता कमी झाल्या. एकदा त्यानं आपणहून सांगितलं की कोदबेकमध्ये दगडाची नवी घरं उठायला लागली आहेत, रांगेनं, नदीकडे तोंड करून. "बरं झालं," ती म्हणाली. "पावसाळ्याआधी छप्पर घालतील ना?" विश्राम म्हणाला, घालतील.

फाल्गुनात एका सकाळी ती कल्याणच्या बाजारात पाटी मांडून बसली होती. शेजारची जागा मोकळी होती. तिथं कोणीतरी येऊन पाटी ठेवली. ती मालन होती. माजिवड्याहून कल्याणला मासळी घेऊन यायचं काही कारण नव्हतं. ठाण्याचा बाजार तिला जवळ होता. अंगावर नवं लुगडं होतं, आणि कडेवर परशुरामची मुलगी, तिच्या खांद्यावर मान टाकून झोपलेली.

दोघींनी बराच वेळ गिऱ्हाईकं केली. मुलगी जागी झाली आणि ठमाबाईकडे टक लावून पाहायला लागली.

"हिला काय सांगू?" मालननं विचारलं. "तुमी कोन म्हनून?"

ठमाबाईनं ओला फडका पिळला, मालनच्या पाटीवर पसरला आणि म्हणाली, "झाकून ठेव गो. माश्या बसतात."

मग तिनं मुलीसाठी हात पुढं केले. मुलगी आली नाही. मालनच्या मानेला तिनं आणखी घट्ट मिठी मारली. ठमाबाईनं हात मागं घेतले, आणि समोर उभ्या गिऱ्हाइकाला बोंबलाचा भाव सांगितला.